ईसीजी नॉर्मल आला, मग फॅमिली डॉक्टर झोपेची चौकशी का करतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं वय ४३. वडिलांना ६१व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. गेले काही महिने तुम्हाला पहाटे चारच्या सुमाराला जाग येते, छातीत धडधडतं आणि पुन्हा झोप लागत नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (अंगावर मशीन लावून दिवस-रात्र ठोक्यांची नोंद) सगळं केलं आणि सगळं नॉर्मल आलं. दरवर्षी तुम्ही ‘फुल बॉडी चेकअप’ही करता. हा सगळा गठ्ठा घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेलात, तर त्यांनी रिपोर्ट चाळले, बीपी मोजलं, झोप, काम, घर यांची चौकशी केली, नवीन तपासणी एकही लिहून दिली नाही आणि म्हणाले, “पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवसाची शेवटची अपॉइंटमेंट घ्या, निवांत बोलू.” यावर तुम्ही वैतागलात. हृदयासाठी हृदयरोगतज्ज्ञ आहेत, प्रतिबंधासाठी चेकअप आहे, मनाचं काही असेलच तर मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मग सर्दी-तापाच्या डॉक्टरांचं यात काम काय, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतोय, तेव्हा माझं मत एका बाजूला थोडं झुकलेलं असणार हे गृहीत धरा. पण तुमची अडचण मला वेगळी दिसते. तुमच्या हृदयाचा हिशेब एका वहीत आहे, रक्ताच्या तपासण्यांचा दुसऱ्या, आणि गेल्या काही महिन्यांत तुमच्या आयुष्यात काय चाललंय याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. प्रत्येक वही आपल्यापुरती बरोबर आहे. सगळ्या एकत्र उघडून बसायची तयारी ज्यांनी दाखवली, त्यांच्यावरच तुम्ही नाराज आहात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमचे डॉक्टर चांगले आहेत की नाहीत हे मला इथून सांगता येणार नाही. काही ठिकाणी फॅमिली डॉक्टर हे तीन-चार वर्षांचं स्वतंत्र पदव्युत्तर प्रशिक्षण घेऊन बसलेले असतात, काही ठिकाणी नसतात. काहींना एका रुग्णामागे पाच मिनिटंही मिळत नाहीत. तुमची धडधड नेमकी कशाची हेही तुम्हाला न तपासता मी ठरवणार नाही. मी तुमच्या डॉक्टरांच्या जागी असतो तर कसा विचार केला असता, एवढंच सांगू शकतो.

आधी धडधडीबद्दल, कारण तुमची खरी भीती तिथे आहे.

मी पहिला प्रश्न विचारला असता तो होल्टरचा: मशीन अंगावर होतं त्या काळात ती पहाटेची धडधड झाली होती का? झाली असेल आणि त्या वेळची पट्टी नॉर्मल असेल, तर हृदयाच्या ठोक्यांमध्ये दोष असण्याची शक्यता खूपच कमी होते. झालीच नसेल, तर त्या नॉर्मल रिपोर्टला फारसा अर्थ नाही. चोर आला नाही त्या रात्रीचं चित्रण बघितल्यासारखं ते झालं. हा प्रश्न रिपोर्टवर छापलेला नसतो. तो रुग्णालाच विचारावा लागतो आणि बऱ्याचदा कोणी विचारत नाही.

दुसरं, औषधं. दम्याचा साल्बुटामॉलचा पंप, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, वजन कमी करायची पावडर, व्यायामाआधी घेण्याची सप्लिमेंट्स, भरपूर कॅफीन. यातली निम्मी नावं ‘कुठली औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात येतच नाहीत, कारण लोक त्यांना औषध मानत नाहीत. तिसरं, दारू. झोपण्यापूर्वी घेतलेली दारू झोप लवकर आणते, पण तिचा अंमल उतरला की पहाटे जाग येते आणि नाडी जलद असते. चौथं, घोरणं. झोपेत श्वास अडखळत असेल तर माणूस धडधडत जागा होतो, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. पाचवं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड; ते तुमच्या गठ्ठ्यात आधीच असणार.

आता पाहा, डॉक्टरांनी झोपेची चौकशी केली तेव्हा ते हृदय सोडून मनाकडे वळले असं तुम्हाला वाटलं. वरच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी झोपेच्याच चौकशीतून सापडतात. आणि त्याच चौकशीतून आणखी एक गोष्ट सापडते: ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी जाग येणं, पुन्हा झोप न लागणं आणि दिवसाची सुरुवात सगळ्यात जड जाणं ही नैराश्याची जुनी, पाठ्यपुस्तकातली खूण आहे. अचानक उसळणारी, काही मिनिटांत टोकाला जाणारी आणि मग ओसरणारी धडधड चिंतेच्या झटक्यातही येते. याचा अर्थ तुम्हाला नैराश्य आहे असा नाही. पण हा प्रश्न न विचारता आणखी एक ईसीजी काढणं ही टाळाटाळ झाली असती.

एक गोष्ट मात्र ठळकपणे लक्षात ठेवा. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला, किंवा धावताना-जिने चढताना धडधड सुरू होऊन चक्कर आली, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहायची नाही, तडक तातडीच्या विभागात जायचं. घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना आजच सांगा.

आता ते ‘निवांत बोलू’. यात तुम्हाला वेळकाढूपणा दिसला. मला त्यात अनुभव दिसतो. डॉक्टर रुग्णाचं पहिलं वाक्य कितपत पुरं होऊ देतात, हे १९८४ साली बेकमन आणि फ्रँकल या दोन अमेरिकन संशोधकांनी मोजलं होतं. सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी मध्येच तोडलेलं होतं. तोडल्यावर बहुतेक रुग्ण पुन्हा मूळ मुद्द्यावर आले नाहीत. गर्दीच्या वेळी मीही यापेक्षा फार वेगळा नसतो. म्हणून ज्याची तक्रार अठरा सेकंदांत मावणारी नाही, त्याला शेवटची वेळ द्यायची ही आमच्या धंद्यातली साधी युक्ती आहे. बाहेर कोणी ताटकळत नसतं, डॉक्टरांचं लक्ष घड्याळाकडे नसतं आणि रुग्णालाही आपण दुसऱ्याचा वेळ खातोय असं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक फॅमिली डॉक्टरला ठाऊक असते. महत्त्वाची गोष्ट माणूस खुर्चीत बसून सांगत नाही. उठतो, दार अर्धवट उघडतो, आणि मग म्हणतो, “जाता जाता एक विचारायचं होतं...” ती गोष्ट छातीतल्या गाठीची असते, लैंगिक अडचणीची असते, मुलाच्या व्यसनाची असते, कधी ‘जगावंसं वाटत नाही’ अशीही असते. आधीची दहा मिनिटं बीपीच्या गोळीत गेलेली असतात. ती गोळी एका अर्थी प्रवेशपत्रिका होती.

मायकेल बॅलिंट हे मूळचे हंगेरीचे मनोविश्लेषक. १९५०च्या दशकात लंडनमध्ये ते साध्या फॅमिली डॉक्टरांचे छोटे गट घेऊन बसायचे आणि त्यांच्या अवघड केसेसवर चर्चा करायचे. त्यातून त्यांनी मांडलेली गोष्ट अशी की फॅमिली डॉक्टरच्या हातातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे डॉक्टर स्वतः. आणि त्याचा डोस किती, किती वेळाने द्यायचा, दुष्परिणाम कोणते, हे कुठेच लिहिलेलं नाही. दुष्परिणाम असतातच. रुग्णाला दर आठवड्याला बोलावून त्याला स्वतःवर अवलंबून ठेवणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. तसंच ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून धडधाकट घरी पाठवलेला आणि जास्तच घाबरलेला रुग्णही. धडधड होणाऱ्याला ‘काही नाही’ म्हणणं हे त्याच्या अनुभवाला खोटं ठरवणं आहे. मी म्हणतो, “धडधड खरी आहे. हृदयात दोष सापडलेला नाही. आता ती कुठून येते ते शोधू.”

त्या निवांत भेटीत काय होईल? माझ्याकडे असतात तर असं झालं असतं. सुरुवातीला मी गप्प बसलो असतो. मग दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत, नेहमी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटत राहतं का? हे दोन प्रश्न म्हणजे पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीची पहिली दोन वाक्यं. ती २००१ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात नऊ प्रश्न आहेत आणि गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले की गांभीर्याने घ्यायचं. चिंतेसाठीही असेच दोन छोटे प्रश्न आहेत. पण गुण म्हणजे निदान नव्हे. नुकतंच घरात कोणी गेलंय त्याचे गुण वाढणारच, आणि काही माणसं मनाचं विचारलं की सगळीकडे शून्य लिहितात. त्यांना मी विचारतो, “सकाळी उठल्यावर पहिला विचार कसला येतो?” शून्य लिहिणारी माणसंही या प्रश्नाला उत्तर देतात.

आणि आत्महत्येबद्दलही मी सरळ विचारतो. ‘जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं याचा विचार केलाय का?’ असं विचारलं तर ती कल्पना डोक्यात घातल्यासारखं होईल, ही भीती घरच्यांना असते, काही डॉक्टरांनाही असते. ती निराधार आहे. विचारल्याने विचार वाढत नाहीत. बहुतेकदा समोरच्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं. उत्तर ‘हो, आणि ठरवलंय’ असं आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि मानसोपचारतज्ज्ञांना फोन त्याच वेळी लावायचा. तो फोन मी रुग्णासमोर लावतो.

एवढी टोकाची गोष्ट फार थोड्यांची असते. उरलेल्या बऱ्याच जणांना फॅमिली डॉक्टरांकडे पुरेल एवढी मदत असते: झोपेची शिस्त (रोज ठरलेल्या वेळी उठणं, झोप येत नसेल तर अंथरुणात कूस बदलत न पडता उठून बसणं), व्यायाम, एक अडकलेली गोष्ट निवडून तिच्यावर काम करणं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेट. गरज असेल तर समुपदेशन किंवा औषध. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत घाबरल्यासारखं जास्तच होऊ शकतं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पाचव्या दिवशी गोळी बंद करतो. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवायची असते आणि बंद करताना हळूहळू कमी करायची असते. झोपेच्या गोळ्यांचा प्रकार निराळा. त्या फार तर दोन-चार आठवड्यांपुरत्या, कारण त्यांची सवय लागते. ‘नुसती झोपेची गोळी द्या, बाकी काही नको’ म्हणणाऱ्याला मी दुसऱ्या अपॉइंटमेंटला बोलावतो, आणि यावरून काही जण माझ्यावर चिडतात.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं ते कधी? आत्महत्येचा धोका, भास-भ्रम, पूर्वी कधी झोप न घेताही काही दिवस अफाट उत्साहात गेलेला काळ (अशा माणसाला नैराश्याची साधी गोळी सुरू करणं धोक्याचं ठरू शकतं), व्यसन सोडताना होणारा गंभीर त्रास, बाळंतपणानंतरचं तीव्र नैराश्य, किंवा दोन औषधं पुरेशा डोसात आणि पुरेसा काळ देऊनही फरक न पडणं. तज्ज्ञांकडे पाठवलं म्हणजे माझं काम संपलं असं होत नाही. त्यांनी लिहिलेलं औषध बीपीच्या गोळीबरोबर चालतं का, वजन आणि साखर वाढतेय का, माणूस खरंच गेला का की चिठ्ठी खिशातच राहिली, हे मीच बघतो.

आता चेकअपकडे येतो. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

रक्ताच्या बहुतेक तपासण्यांत ‘नॉर्मल’ची मर्यादा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतात. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा वीसात एकदा मर्यादेबाहेर जाणार. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या केल्या तर निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के. आणि पॅकेजमध्ये साठ-सत्तर आकडे असतात. मग त्या लाल आकड्यासाठी पुढची तपासणी, तिच्यात दिसलेल्या ठिपक्यासाठी स्कॅन, स्कॅननंतर सुई घालून तुकडा तपासणं. तुम्हाला झोप न लागण्याचं एक कारण तुमच्या गठ्ठ्यातही असू शकतं, असं मी चेष्टेने म्हणत नाहीये.

सरसकट सगळ्यांची तपासणी केल्याने लोक जास्त जगतात का, यावर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९मध्ये जुना आढावा नव्याने केला. १७ चाचण्या, अडीच लाखांच्या आसपास माणसं. एकूण मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. त्यातल्या बऱ्याच चाचण्या जुन्या आहेत हे खरं, पण ‘केलेलं बरं’ या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. दक्षिण कोरियाचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे १९९९पासून कर्करोगाच्या सरकारी तपासणीबरोबर लोक थायरॉइडची सोनोग्राफीही करून घेऊ लागले. २०११पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान होण्याचं प्रमाण १९९३च्या तुलनेत १५ पट झालं. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यातली अशी गाठ काढली गेली जिने त्यांना आयुष्यभर त्रास दिला नसता, आणि मग रोजची गोळी मागे लागली.

बेल्जियमचे फॅमिली डॉक्टर मार्क जामूल यांनी १९८६मध्ये प्रतिबंधाचा चौथा स्तर सुचवला: अनावश्यक वैद्यकीय हस्तक्षेपापासून रुग्णाला वाचवणं. लस देणं, लवकर निदान करणं, झालेल्या आजाराची गुंतागुंत टाळणं हे पहिले तीन. तुमच्या डॉक्टरांनी नवीन तपासणी लिहिली नाही तेव्हा त्यांनी काहीच केलं नाही असं तुम्हाला वाटलं. कदाचित त्यांनी हा चौथा स्तर केला असेल.

याचा अर्थ तपासण्या नकोत असा मुळीच नाही. कोणती, कोणाला, कधी, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर माणूस ओळखीचा असल्याशिवाय देता येत नाही. चाळीशीनंतर नियमित बीपी. साखर आणि कोलेस्टेरॉल. पण कोलेस्टेरॉलचा आकडा एकटा न पाहता वय, तंबाखू, बीपी यांच्याशी जोडून पुढच्या दहा वर्षांचा धोका काढायचा. स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे तिशीपासून ती सुचवते. ठराविक वयानंतर स्तनाची आणि मोठ्या आतड्याची. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२१मध्ये आतड्याच्या तपासणीचं वय ५०वरून ४५वर आणलं, इतर देशांत ते वेगळं आहे. आणि मोठ्यांच्या लसी, ज्या कुठल्याही चेकअपच्या पॅकेजमध्ये नसतात.

तुमच्या वडिलांचं उदाहरणच घ्या. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला ५५च्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल तर त्याला आम्ही अकाली म्हणतो आणि तुमच्या धोक्यात तो जास्त धरतो. वडिलांचं वय तेव्हा ६१ होतं. नोंद घ्यायची, पण रात्री जागवणारी ही गोष्ट नाही. त्यापेक्षा ते त्या वेळी सिगारेट ओढत होते का आणि तुम्ही ओढता का, हे मी आधी विचारलं असतं. तुमच्या प्रश्नात तंबाखूचा उल्लेखच नाही. ओढत असाल, तर बाकी सगळा गठ्ठा बाजूला ठेवा, हेच पहिलं काम.

सिगारेटवरून आठवलं. १९७९मध्ये मायकेल रसेल यांनी लंडनच्या फॅमिली डॉक्टरांबरोबर एक साधा प्रयोग केला. डॉक्टरांनी नेहमीच्या भेटीत एक-दोन मिनिटं सिगारेट सोडायचा सल्ला द्यायचा, एक पत्रक द्यायचं आणि ‘पुन्हा विचारीन’ असं बजावायचं. वर्षभरानंतर या गटातल्या ५.१ टक्के लोकांनी सोडलेली होती. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात ०.३ टक्के. पाच टक्के हा आकडा छोटा वाटतो. पण दोन मिनिटांच्या बदल्यात एवढं देणारं दुसरं औषध माझ्या कपाटात नाही. आणि त्यातलं ‘पुन्हा विचारीन’ हे पुन्हा भेटणाराच म्हणू शकतो.

तुमचं बीपी डॉक्टरांनी कसं मोजलं, हेही आठवून पाहा. पाच मिनिटं शांत बसवलं होतं का? पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकलेले, दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा, लघवी तुंबलेली नाही, आणि मोजताना दोघंही गप्प? बोलत राहिलं तरी आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो. मग एक मिनिट थांबून पुन्हा मोजायचं. एवढं केलं असेल तर त्या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही. दवाखान्यात जास्त आणि घरी कमी भरत असेल तर घरचे आकडे लिहून आणायला सांगतात. घरच्या मोजमापात १३५/८५ ही रेषा धरतात, दवाखान्यात १४०/९०.

आता तुम्ही प्रतिबंध आणि मन हे दोन वेगळे विभाग मानलेत, त्याबद्दल. माझ्या एका रुग्णाची गोष्ट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. साठीच्या बाई, मधुमेह चांगला आटोक्यात. एका वर्षात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) सातवरून पावणेदहावर गेला. दुसरीकडे त्यांना गोळीचा डोस वाढवून मिळाला होता. मी गोळ्यांची पाकिटं आणायला सांगितली. सकाळच्या गोळीचं पाकीट संपत आलेलं, संध्याकाळच्या गोळीचं निम्मं भरलेलं. त्यांच्या नवऱ्याला स्मृतिभ्रंश होता आणि अंधार पडू लागला की ते बेचैन होत, घराबाहेर जायला बघत. गोळीची वेळ आणि त्यांना सांभाळायची वेळ एकच. बाई वर्षभर सलग रात्र झोपल्या नव्हत्या, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी साखरेपलीकडे विचारलं नव्हतं. डोस वाढवायची गरज नव्हती. दिवसातून एकदाच सकाळी घ्यायची गोळी दिली, संध्याकाळी दोन तास कोणीतरी मदतीला येईल याची व्यवस्था त्यांच्या मुलाशी बोलून केली, त्यांचे ते नऊ प्रश्न भरून घेतले, आणि राहून गेलेली डोळ्यांची तपासणी आणि लस त्याच महिन्यात उरकली. साखर पुढच्या वेळी खाली आली. यातला प्रतिबंध कोणता आणि मानसिक आधार कोणता, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही.

मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीच्या आसपास असतं. उदास माणूस व्यायाम सोडतो, गोळ्या विसरतो, सिगारेट वाढवतो. म्हणून ज्याची साखर, बीपी किंवा वजन कारण नसताना बिघडतं, त्याला मी झोप आणि घर विचारतो; आणि जो उदास आहे त्याचं बीपी आणि साखर मोजतो.

एकच डॉक्टर दीर्घकाळ असण्याचा काही फायदा होतो का, हेही मोजलं गेलंय. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. पंधरा वर्षांहून जास्त काळ एकच फॅमिली डॉक्टर असलेल्यांत, जेमतेम वर्षभर असलेल्यांच्या तुलनेत, रुग्णालयात भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण पाव भागाने किंवा थोडं जास्तच कमी दिसलं. हा नोंदींवरचा अभ्यास आहे. एकाच डॉक्टरकडे टिकणारी माणसं मुळातच स्थिरस्थावर असतील अशी शंका उरते. तरी माझ्या रोजच्या अनुभवाशी ते जुळतं. ज्याला मी दहा वर्षं ओळखतो त्याचा ‘जरा थकवा आहे’ हा कधी साधा आहे आणि कधी नाही, हे मला दारातून आत येतानाच बरंचसं कळतं.

उणी बाजूही सांगतो. फॅमिली डॉक्टर घरातल्या सगळ्यांना ओळखतो, आणि त्याचाच अडथळा होतो. तुमच्या पत्नी त्यांच्याकडेच जात असतील तर तुमची गोष्ट तिकडे पोचेल का, असं मनात येणं साहजिक आहे. पोचता कामा नये. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. तुम्ही भेटीच्या सुरुवातीलाच विचारा, “हे कुठे लिहिलं जाईल आणि कोण वाचेल?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. ज्यांना ओळखीच्या माणसासमोर मोकळं होणं जमतच नाही, त्यांनी थेट तज्ज्ञांकडे जावं, यात वावगं काही नाही.

तर पुढच्या आठवड्यासाठी. पूर्ण गठ्ठा नेऊ नका; होल्टरचा रिपोर्ट आणि त्या दिवशी धडधड झाली होती की नाही हे लिहिलेला कागद, रक्ततपासणीचा शेवटचा रिपोर्ट, आणि घरात असलेली सगळी औषधं, पावडरी-गोळ्यांसकट, पिशवीत घालून. आजपासून एक साधी नोंद ठेवा: किती वाजता झोपलात, किती वाजता जाग आली, धडधड किती मिनिटं टिकली, आदल्या संध्याकाळी काय प्यायलात. धडधड चालू असताना मनगटावर नाडी मोजा, आकड्याबरोबर ती नियमित होती की अडखळत होती तेही लिहा. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, घोरता का, श्वास थांबतो का. आणि जी गोष्ट ‘जाता जाता’ विचारायची ठरवली असेल ती खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्यांदा बोला.

दोन-तीन भेटींनंतरही ते फक्त गोळी लिहून देत असतील, तुमचं ऐकून न घेता ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणत असतील, पुढची भेट कधी आणि तोवर काय बघायचं हे सांगत नसतील, तर डॉक्टर बदला. बदलताना जुन्या डॉक्टरांकडून बीपीच्या जुन्या नोंदी, औषधांची यादी आणि घेतलेल्या लसींच्या तारखा लेखी मागून घ्या. नव्या डॉक्टरांना चेकअपच्या सत्तर आकड्यांपेक्षा तो एक कागद जास्त उपयोगी पडेल.